कायदा जिथे गप्प बसतो

न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला केप मे नावाचं बंदर आहे. तिथून अटलांटिकमध्ये हेरिंग पकडायला बोटी जातात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला, थव्याने फिरणारा छोटा मासा. बोटीवर एक तांडेल आणि मोजके खलाशी. झोपायच्या जागा मोजून, जेवणाचा शिधा मोजून. अशा बोटीवर कधीकधी एक जादा माणूस असतो आणि तो मासे पकडत नाही. जाळं वर आलं की त्यात हेरिंग किती, नको असलेले मासे किती, परत पाण्यात किती टाकले, याची तो नोंद करतो. तो निरीक्षक.

निरीक्षक बोटीवर घ्यावाच लागेल असं सरकार म्हणू शकतं, हे मच्छीमारांना मान्य होतं. कायद्यातच तसं लिहिलंय. पण २०२० साली मत्स्य खात्याने नियम काढला की हेरिंगच्या बोटींवर त्या माणसाचा खर्चही बोटमालकाने द्यायचा. हा खर्च दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाईल आणि मालकाची वर्षाची कमाई त्यामुळे २० टक्क्यांपर्यंत घटू शकेल, हा अंदाज खुद्द खात्याचाच. मच्छीमार कोर्टात गेले. ते म्हणाले, निरीक्षक ठेवा असं कायदा सांगतो, पण त्याचा पगार आम्ही द्यावा असं कायद्यात कुठे आहे?

तसं कुठेच नव्हतं. आणि देऊ नये असंही नव्हतं. कायदा त्या जागी गप्प होता.

या गप्प जागेवरून २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याने 'शेव्हरॉन' या नावाने ओळखली जाणारी चाळीस वर्षांची घडी मोडली. त्यानंतर महिनाभराने केप मेपासून दोन-अडीच तासांवरच्या एडिसनमधून माझ्या भाचीचा फोन आला. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाबरोबर ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेली, आता तिथे नोकरी करते. तिचा प्रश्न होता, "मावशी, ते शेव्हरॉन पडलं म्हणतात, म्हणजे माझं कामाचं कार्ड जाणार का?" मी बरीच वर्षं कायदा शिकवला, पण या प्रश्नाचं फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमलं नाही. तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी पायऱ्या बघू

अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, कायदा करते. त्याला आपण अधिनियम म्हणू. अधिनियमात सगळं लिहिणं शक्य नसतं. हवा स्वच्छ राहिली पाहिजे, औषधं सुरक्षित असली पाहिजेत, मासे संपता कामा नयेत, एवढं संसद सांगते. कुठल्या धुराड्यातून किती धूर, कुठल्या गोळीत किती मात्रा, हे मग संबंधित खातं नियम करून ठरवतं. आधी मसुदा प्रसिद्ध होतो, लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात आणि मग पक्का नियम निघतो. मंत्रालयातून निघणारे जीआर आणि विधानसभेने केलेला कायदा यांतला फरक ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. जीआरमुळे मिळालेली गोष्ट नव्या जीआरने जाऊ शकते. कायद्याने मिळालेली घालवायला पुन्हा सभागृहात जावं लागतं.

आता अडचण अशी, की नियमाच्या मुळाशी असलेलं कायद्यातलं वाक्यच जर दोन अर्थांचं निघालं, तर कुठला अर्थ खरा? खात्याने लावलेला, की न्यायाधीशाला पटलेला? या एका प्रश्नावर अमेरिकेत कित्येक हजार खटले उभे आहेत.

बुडबुड्याची गोष्ट

१९७७ साली अमेरिकेच्या हवा-प्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. जिथली हवा आधीच खराब आहे, तिथे प्रदूषणाचा नवा 'स्थिर स्रोत' उभारायचा किंवा जुना बदलायचा तर कडक परवाना लागेल, असं ठरलं. पण स्थिर स्रोत म्हणजे नक्की काय? कारखान्यातलं प्रत्येक धुराडं, की अख्खा कारखाना?

रेगन १९८१ मध्ये अध्यक्ष झाले आणि पर्यावरण खात्याने दुसरा अर्थ उचलला. कारखान्यावर एक मोठा बुडबुडा आहे अशी कल्पना करा. आत एका धुराड्याचा धूर वाढला आणि दुसऱ्याचा तितकाच कमी झाला, तर बुडबुड्याबाहेर येणारा धूर तेवढाच. मग नवा परवाना कशाला? उद्योगांना हे हवंच होतं. पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेल्या आणि वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात जिंकल्या. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश होत्या रूथ बेडर गिन्सबर्ग. शेव्हरॉन ही तेलकंपनी मग सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८४ साली न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी ६ विरुद्ध ० मतांनी निकाल फिरवला.

त्या निकालातून दोन पायऱ्यांची एक रीत पडली. पहिली पायरी, कायद्यात संसदेचं म्हणणं स्पष्ट आहे का ते बघा. असेल तर विषय संपला. नसेल, कायदा संदिग्ध किंवा मूक असेल, तर दुसरी पायरी. खात्याने लावलेला अर्थ वाजवी आहे का, एवढंच तपासा. वाजवी असेल तर न्यायाधीशाला स्वतःला दुसरा अर्थ जास्त पटत असला तरी खात्याचाच अर्थ चालेल.

यामागचा विचार मला आजही अप्रामाणिक वाटत नाही. धुराचं गणित न्यायाधीशाला येत नाही, खात्यातल्या रसायनतज्ज्ञाला येतं. शिवाय खात्याचा प्रमुख अध्यक्ष नेमतो आणि अध्यक्षाला लोक निवडून देतात. न्यायाधीश तहहयात बसतो, त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं. मग धोरणाची गोष्ट कोणाच्या हाती असावी?

सुरुवातीला ही रीत उजव्या विचाराच्या लोकांना जास्त आवडली, हे आज ऐकायला नवल वाटतं. खाती रेगन यांच्या हातात होती, नियम सैल होत होते आणि कोर्टं मध्ये पडत नव्हती. पुढे डेमोक्रॅटिक अध्यक्षांची खाती याच रीतीच्या आधारे नियम कडक करू लागली, तेव्हा बाजू बदलल्या. शेव्हरॉनचा वाद निघाला तेव्हा पर्यावरण खात्याच्या प्रमुख ॲन गॉर्सच होत्या. शेव्हरॉनची रीत मोडणाऱ्या सहा न्यायमूर्तींपैकी एक, नील गॉर्सच, हे त्यांचे चिरंजीव.

लंबक

शेव्हरॉनची खरी दुखरी बाजू इंटरनेटच्या प्रकरणात दिसते. घरात ब्रॉडबँड देणारी कंपनी कायद्याच्या भाषेत कोण? टेलिफोन कंपनीसारखी 'दूरसंचार सेवा', की नुसती 'माहिती सेवा'? पहिली असेल तर तिच्यावर बरीच बंधनं. कुठल्या संकेतस्थळाला वेगवान रस्ता द्यायचा आणि कुठल्याला रखडवायचं, हे तिला मनाने ठरवता येणार नाही. दुसरी असेल तर बंधनं थोडी.

२००५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायदा संदिग्ध आहे, दळणवळण आयोग म्हणतो तशी 'माहिती सेवा' धरा. २०१५ मध्ये ओबामांच्या काळात आयोग म्हणाला, 'दूरसंचार सेवा'. ट्रम्प आले, २०१७ मध्ये पुन्हा 'माहिती सेवा'. बायडेन आले, २०२४ मध्ये परत 'दूरसंचार सेवा'. इतक्या वर्षांत कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता. तेच वाक्य, आणि तीन वेळा अर्थ इकडून तिकडे. कंपन्यांनी कशाच्या भरवशावर केबल टाकायची आणि ग्राहकांनी कशाच्या भरवशावर हक्क सांगायचा?

२००५ चा तो निकाल न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला होता. पुढे २०२० मध्ये त्यांनीच आपली ती भूमिका चुकीची होती असं लेखी मांडलं. स्वतःचा निकाल चुकला असं सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती उघडपणे म्हणतो, असं फार थोड्या वेळा घडतं. शेव्हरॉनचे दिवस भरत आले आहेत याची जाणीव जाणकारांना तेव्हाच झाली होती. २०१६ नंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः या रीतीने एकाही खात्याच्या बाजूने कौल दिला नव्हता. खालची कोर्टं मात्र ती पाळत होती, कारण ती रद्द झालेली नव्हती.

२८ जून २०२४

केप मेच्या मच्छीमारांचा खटला 'लोपर ब्राइट' या नावाने ओळखला जातो. त्याच्या जोडीला रोड आयलंडच्या 'रिलेंटलेस' बोटीचा खटला होता. दोन खटले एकत्र घेण्याचं कारण साधं होतं. न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन पूर्वी अपील न्यायालयात असताना पहिल्या खटल्याच्या सुनावणीला बसल्या होत्या, म्हणून त्यात त्या बाजूला झाल्या. दुसऱ्या खटल्यामुळे नऊही जणांना मत देता आलं.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, तोवर बोटमालकांना प्रत्यक्षात तोशीस उरली नव्हती. सरकारने झालेला खर्च भरून दिला होता आणि निधीअभावी २०२३ मध्ये योजनाच थांबवली होती. तरी खटला चालला, कारण आता भांडण तत्त्वाचं होतं. सर्वोच्च न्यायालयानेही पगार कोणी द्यायचा हे ठरवलंच नाही. अर्थ लावायचा अधिकार कोणाचा, एवढंच ठरवलं आणि पगाराचा प्रश्न खालच्या कोर्टांकडे परत पाठवला.

मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी सहा जणांच्या वतीने निकाल लिहिला. त्यांचा मुख्य आधार १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा. त्यात स्वच्छ लिहिलंय की खात्याच्या कृतीची तपासणी करणारं न्यायालय कायद्याचे सगळे प्रश्न स्वतः ठरवेल. रॉबर्ट्स म्हणतात, संसदेने एवढं उघड सांगितलेलं असताना १९८४ मध्ये आपण ते काम खात्यांना देऊन बसलो, ती मुळातच चूक होती. पाठीशी त्यांनी १८०३ चा जुना दाखला ठेवला. कायदा काय आहे हे सांगणं हा न्यायसंस्थेचा प्रांत आणि तिचं कर्तव्य आहे, असं मुख्य न्यायमूर्ती जॉन मार्शल तेव्हा म्हणाले होते. वाक्य दोन अर्थांचं आहे म्हणून दोन्ही अर्थ बरोबर ठरत नाहीत. सगळी साधनं वापरून त्यातला सर्वांत योग्य अर्थ शोधायचा, आणि हे न्यायाधीशाचं रोजचं काम आहे.

निकालाचा हा भाग मला पटतो. दोन शेतकऱ्यांच्या बांधाच्या भांडणात करारपत्र संदिग्ध असेल तर न्यायाधीश अर्थ लावतोच की. मग समोर सरकार आलं की त्याने मान खाली का घालायची?

पण न्यायमूर्ती एलेना केगन यांचं विरोधी मत वाचलं की इतकं सोपं वाटेनासं होतं. त्या तत्त्वांवर थोडं बोलतात आणि खरे खटले समोर ठेवतात. अमिनो आम्लांची एक साखळी 'प्रथिन' कधी म्हणायची? वॉशिंग्टन राज्यातल्या करड्या खारी इतर ठिकाणच्या त्याच जातीच्या खारींपासून 'वेगळा समूह' धरायच्या का? ग्रँड कॅन्यनवरून पर्यटकांची विमानं घिरट्या घालतात, आणि संसदेने सांगितलंय की तिथली 'नैसर्गिक शांतता' बऱ्याच अंशी परत आणा. मग दरीच्या किती भागात, दिवसातले किती तास आणि किती आवाजापर्यंत शांतता धरायची?

या शेवटच्या प्रश्नाशी मी बराच वेळ थांबले होते. 'शांतता' या शब्दाचा सर्वांत योग्य अर्थ कोश उघडून सापडेल का? तिथे आवाज मोजणारा माणूस हवा, दरीत उभं राहून वाऱ्याचा आणि इंजिनाचा फरक ऐकलेला माणूस हवा. केगन म्हणतात, आजवर न्यायालयांनी अशा जागी विनय पाळला, आता विनयाची जागा अहंकार घेतो आहे. शब्द कठोर आहेत, पण पोकळ नाहीत. आदल्याच दिवशी, २७ जूनला, हवा-प्रदूषणाच्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'नायट्रोजन ऑक्साइड्स' या प्रदूषकांच्या जागी 'नायट्रस ऑक्साइड' लिहिलं होतं. एकदा नाही, पाच वेळा. नायट्रस ऑक्साइड म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे भूल द्यायला वापरतात तो वायू. चूक लगेच दुरुस्त झाली, निकालावर तिचा परिणाम नव्हता. पण तज्ज्ञाचं काम तज्ज्ञाकडे राहू द्या असं म्हणणाऱ्यांच्या हाती ती आयतीच पडली.

मोडलं काय, उरलं काय

शेव्हरॉन पडलं म्हणजे अमेरिकेतले सगळे सरकारी नियम पडले, असा समज समाजमाध्यमांवर फार पसरला. तो खरा नाही.

शेव्हरॉनच्या आधारे पूर्वी जे निकाल लागले, ते तसेच राहतील असं रॉबर्ट्स यांनी स्पष्ट लिहिलंय. या रीतीचा उल्लेख करणारे निकाल १८ हजारांच्या घरात आहेत, ते सगळे उकरायचे म्हटलं तर कोर्टांना दुसरं काम उरणार नाही.

खात्याच्या मताला किंमतच नाही, असंही नाही. १९४४ च्या एका जुन्या निकालाची रीत चालूच आहे. खात्याचा अभ्यास खोल असेल, मत अनेक वर्षं सारखं राहिलं असेल, तर्क पक्का असेल, तर न्यायाधीश त्याचा मान ठेवेल. फरक असा की आता खात्याला पटवून द्यावं लागेल. चार वर्षांनी अध्यक्ष बदलला की मत फिरवणाऱ्या खात्याचं म्हणणं न्यायाधीशाला कमी पटेल, हे उघड आहे.

तिसरी गोष्ट माझ्या भाचीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. आजीच्या वहीत पाककृती असते. कुठे लिहिलेलं असतं, 'मीठ चवीपुरतं'. कुठे मिठाचा उल्लेखच नसतो. दोन्हीकडे प्रमाण दिलेलं नाही, पण दोन्ही सारखं नाही. 'चवीपुरतं' लिहिणाऱ्या आजीने करणाऱ्याच्या हातावर विश्वास टाकलाय, अधिकार दिलाय. जिथे मिठाचं नावच नाही, तिथे आजी विसरली, की तो पदार्थ अळणीच करायचा होता, हे शोधावं लागतं. संसदेने कायद्यात 'योग्य वाटेल तसं', 'वाजवी', 'खातं नियमांनी ठरवेल' असे शब्द घातले असतील तर ते चवीपुरतं मीठ आहे. तिथे न्यायालय एवढंच बघेल की अधिकार खरंच दिलाय का, त्याची हद्द कुठवर आणि खातं हद्दीत राहून विचाराने वागलं का. हे लोपर ब्राइटनंतरही तसंच आहे. निरीक्षकाच्या पगाराचं प्रकरण मात्र मिठाचा उल्लेखच नसलेल्या पाककृतीसारखं होतं.

शब्दाचा अर्थ सोडून वस्तुस्थितीचा प्रश्न असेल, तर खात्याचा शब्द अजून जड आहे. मे २०२५ मध्ये युटामधल्या ८८ मैलांच्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात हेच दिसलं. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल कितपत खोलात जाऊन करायचा, हे ठरवण्यात खात्याला भरपूर मोकळीक आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि एकाही न्यायमूर्तीने विरोधी मत दिलं नाही.

लोपर ब्राइटनंतर तीनच दिवसांनी, १ जुलै २०२४ ला, आणखी एक निकाल आला. त्याची चर्चा कमी झाली, पण धार जास्त आहे. नॉर्थ डकोटात महामार्गावर ट्रकवाल्यांसाठीचा एक थांबा २०१८ मध्ये सुरू झाला. ग्राहकाने डेबिट कार्ड घासलं की दुकानदाराला बँकेला किती पैसे द्यावे लागतील, याची मर्यादा मध्यवर्ती बँकेने २०११ मध्ये ठरवली होती, साधारण २१ सेंट आणि वर थोडं. ही मर्यादा फार जास्त आहे असं थांब्याचं म्हणणं. सरकारविरुद्ध दावा सहा वर्षांत लावायचा असतो, आणि २०११ पासून मोजलं तर मुदत केव्हाच टळलेली. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी ६ विरुद्ध ३ असा निकाल लिहिला की मुदत नियम निघाल्यापासून मोजायची नाही, दावेदाराला त्याची झळ लागल्यापासून मोजायची. याचा अर्थ उद्या कोणी नवी कंपनी काढली, तर तीस वर्षांपूर्वीच्या नियमालाही ती आव्हान देऊ शकते. खात्याला झुकतं माप नाही आणि जुन्या नियमालाही मुदतीचं कवच नाही, असे हे दोन निकाल जोडीने वाचावे लागतात.

नंतरच्या दोन वर्षांत

इंटरनेटचा लंबक थांबला. २ जानेवारी २०२५ ला सिनसिनाटीच्या अपील न्यायालयाने आयोगाचा २०२४ चा नियम रद्द केला. आता खात्यापुढे झुकायचं बंधन नाही, आणि आमच्या वाचनाप्रमाणे ब्रॉडबँड ही माहिती सेवाच आहे, असं ते म्हणालं. पुढचा अध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असो, आता तिकडून इकडे उडी मारणं सोपं नाही. स्थैर्य आलं. पण ज्यांना खुल्या इंटरनेटचा नियम हवा होता, त्यांना आता संसदेकडे जावं लागेल, आणि तिथे एवढ्यातेवढ्या गोष्टीवर बहुमत जमत नाही हे सगळे जाणतात.

खात्यांचा पराभवच होतो असंही नाही. सुटे भाग विकत घेऊन घरी जोडायच्या, क्रमांक नसलेल्या बंदुका कायद्याच्या व्याख्येत बसतात, हा खात्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ ला ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. निकाल लिहिणारे होते नील गॉर्सच, शेव्हरॉनचे सर्वांत कडवे टीकाकार. त्यांनी खात्याला कसलीही सवलत दिली नाही, स्वतः शब्द वाचले आणि खातं बरोबर ठरलं.

एप्रिल २०२५ मध्ये वेगळंच वळण आलं. अध्यक्ष ट्रम्प यांनी खात्यांना लेखी आदेश दिला की सर्वोच्च न्यायालयाच्या दहा निकालांच्या कसोटीवर आपले नियम तपासा आणि बेकायदा वाटतील ते काढून टाका, शक्य तिथे हरकती-सूचना मागवण्याची पायरीही वगळून. दहाच्या यादीत लोपर ब्राइट पहिलं. अर्थ लावणं हे न्यायालयाचं काम आहे असं सांगणारा निकाल हातात घेऊन खात्यांनीच स्वतः अर्थ लावायचा आणि लोकांना न विचारता नियम मोडायचे, हे मला त्या निकालाच्या शब्दांशी आणि हेतूशी विसंगत वाटतं. लोकांना विचारायची पायरी ही शोभेची वस्तू नाही. एडिसनमधली एखादी बाई, मेन राज्यातला एखादा मच्छीमार, कोणीही तिथे दोन ओळी लिहून पाठवू शकतो आणि खात्याला महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्यावं लागतं. मत देण्याचा हक्क नसलेल्या माणसाला तिथल्या कारभारात आपलं म्हणणं नोंदवता येईल अशा फार थोड्या जागा आहेत, त्यांतली ही एक.

कार्डाचं काय?

आता एडिसन. एच-१बी वर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला एच-४ मिळतो. पूर्वी एच-४ वर काम करायला बंदी होती. एम.टेक. झालेल्या, इथे पाच-सात वर्षं नोकरी केलेल्या मुली तिथे घरात बसून राहायच्या. 'किती वर्षं' याला उत्तर नसायचं, कारण नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि भारतीयांची रांग त्यामुळे संपता संपत नाही. २६ मे २०१५ पासून एक नियम लागू झाला. नवरा किंवा बायको ग्रीन कार्डाच्या वाटेवर ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल, तर एच-४ वरच्या जोडीदाराला कामाची परवानगी, म्हणजे भाचीचं ते कार्ड, मागता येईल. हा नियम आहे, अधिनियम नाही, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी त्याला आव्हान मिळालं. कॅलिफोर्नियात एच-१बी वाल्यांमुळे नोकऱ्या गेल्या असं म्हणणाऱ्या संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने दावा लावला. त्यांचाही राग समजून घ्यायला हवा, नोकरी गेलेला माणूस कुठल्याही देशात सारखाच हादरतो. त्यांचा कायदेशीर मुद्दा असा की एच-४ वाल्यांना काम करू द्या असं संसदेने कुठेही म्हटलेलं नाही, मग खात्याने ते कसं दिलं?

मुद्दा ओळखीचा वाटला ना? बोटीवरच्या पगाराचाच हा चुलतभाऊ. म्हणून जून २०२४ नंतर एच-४ वाल्या घरांमध्ये धास्ती पसरली, आणि ती अनाठायी नव्हती.

पण कायद्याचं पुस्तक उघडलं तर इथे मिठाची ओळ सापडते. परदेशी माणसाला तात्पुरता प्रवेश किती काळासाठी आणि कुठल्या अटींवर द्यायचा, ते ॲटर्नी जनरल नियमांनी ठरवतील, असं त्यात लिहिलंय. तो अधिकार आता अंतर्गत सुरक्षा खात्याकडे आहे. 'कुठल्या अटींवर' यात काम करण्याची परवानगी येते का, एवढाच प्रश्न. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या कामाच्या परवानगीबद्दल 'येते' असा निकाल दिला होता. २ ऑगस्ट २०२४ ला, लोपर ब्राइटला पाच आठवडे झाले असताना, त्याच न्यायालयाने तोच धागा पकडून एच-४ चा नियमही वैध ठरवला. संघटना वर गेली. १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

ऐकायला नकार म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे, हेही भाचीला सांगितलं. खालचा निकाल कायम राहिला, इतकंच. आणि कोर्टात टिकलेला नियम खातं स्वतः बदलू शकतं. त्याचा नमुना सुमारे दोन आठवड्यांत दिसला. परवानगी संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केलेला असेल, तर जुनी परवानगी ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढायची. खात्याचं काम रखडलं तरी नोकरी थांबू नये म्हणून केलेली सोय. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ती सोय काढून टाकण्यात आली. त्यासाठी न्यायालय लागलं नाही, संसद लागली नाही. नियमाने दिलं होतं, नियमाने नेलं.

या वेळी फोन आला तेव्हा तिने शेव्हरॉनचं नाव काढलं नाही. कार्ड समोर धरून तिने विचारलं, "मावशी, माझं जे आहे ते कायद्यात आहे की नियमात?" नियमात, मी म्हटलं, आणि नियमाखाली कायद्याची एक चांगली ओळ आहे. कार्डाची मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो पहिल्याच दिवशी कर. तिने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, पानं मागे मोजत गेली आणि एका तारखेभोवती पेनाने गोल केला.